उचलल्यापासून सुटेपर्यंत

माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल नेमबाजी करते. स्पर्धेत ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. वेळ पुरेसा आहे. तरीही तिच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत शेवटचे १२ शॉट तिला ८ मिनिटांत उरकावे लागले, आणि गेलेले बहुतेक गुण त्या बारांतच गेले. नंतर तिच्या प्रशिक्षक सरांनी शांतपणे विचारलं, "आधीचा वेळ कुठे गेला?" तिला सांगता येईना. मी मागच्या खुर्चीत घड्याळ घेऊन बसलो होतो, मलाही सांगता येईना. कुठला शॉट पन्नास सेकंदांत सुटला आणि कुठल्याला पावणेदोन मिनिटं लागली, हे साठ वेळा नजरेने टिपणं माणसाकडून होत नाही. ते यंत्राने करायचं काम आहे, आणि ते यंत्र घरी तयार होतं. ते कसं तयार होतं, कुठे अडतं आणि अडल्यावर वाट कशी निघते, ते सांगतो.

शॉट टायमर बाजारात विकत मिळतो. पण तो मुळात प्रॅक्टिकल शूटिंगवाल्यांचा. त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया इथे स्थापन झाली. त्या खेळात गुणांबरोबर सेकंदही मोजले जातात. टायमर बीप देतो, खेळाडू पिस्तूल चालवतो, आणि टायमर मायक्रोफोनने प्रत्येक बार ऐकून त्याची वेळ लिहून ठेवतो. बारुदाचा आवाज कान फाडणारा असल्यामुळे तिथे ऐकण्याची अडचण नसते. आमच्या खेळात आवाज एवढाच, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावं कुणीतरी जाड पुस्तक टेबलावर टाकलं. शिवाय इथे घाई कुणालाच नको असते. टायमर हवा तो लय कळण्यासाठी.

लय म्हणजे काय, ते फायनलच्या नियमांवरून लगेच समजतं. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा मीटरच्या फायनलला आधी पाच-पाच शॉटच्या दोन मालिका होत्या, प्रत्येकी २५० सेकंदांच्या; पुढे एकेक शॉट, प्रत्येकाला ५० सेकंद; एकूण २४ शॉट. ५० मीटर तीन पोझिशनचं गणित आणखी अवघड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, तो हा प्रकार. तिथे पाच शॉटच्या मालिकेला नीलिंगमध्ये (गुडघा टेकून) २०० सेकंद मिळाले, प्रोनमध्ये (पालथं झोपून) १५० आणि स्टँडिंगमध्ये (उभं राहून) २५०. एकाच फायनलमध्ये, एकाच माणसाला, चाळीस, तीस आणि पन्नास सेकंदांच्या तीन वेगळ्या चाली अंगात असाव्या लागल्या. समोर घड्याळ बघत बसायची सोय नाही, कारण डोळा साईटमध्ये असतो. वेळ शरीराला कळायला हवी, आणि ती कळण्याआधी कुणीतरी ती मोजून दाखवायला हवी.

हे मोजणारं यंत्र म्हणजे एक छोटा डबा; त्याच्या आतला मेंदू म्हणून आर्डुइनो नॅनो घेतला. बोटाएवढा बोर्ड, त्यावर एटीमेगा ३२८ ही चिप, आणि सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देणारं तिचं घड्याळ. एवढ्या वेगाची या कामाला काही गरज नाही. पण हा बोर्ड स्वस्त आहे, यूएसबीच्या वायरने त्यात प्रोग्राम भरता येतो, आणि बिघडला तर दुसऱ्या दिवशी नवा आणता येतो. सोबत एक इंचाहून लहान ओएलईडी पडदा, एक बझर, दोन बटणं आणि प्लास्टिकची डबी. पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. हजार रुपयांच्या आत काम झालं.

अवघड भाग पुढे सुरू होतो: शॉट झाला हे डब्याला कळणार कसं?

मायक्रोफोनची वाट मी आधी धरली. छोट्या अँप्लिफायरसह मिळणारा मायक्रोफोन नॅनोच्या अॅनालॉग पिनला जोडायचा. नॅनो त्या पिनवरचा व्होल्टेज मोजून ० ते १०२३ मधला आकडा देतो आणि एका मोजणीला सुमारे १०० मायक्रोसेकंद घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ-दहा हजार वेळा तो 'काही ऐकू आलं का' असं तपासतो. आकडा ठरवलेल्या पातळीच्या वर गेला की शॉट झाला असं धरायचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: एका शॉटचे आवाज दोन असतात. पेलेट नळीतून सुटते तेव्हाचा पहिला, आणि दहा मीटरवर टार्गेटमागच्या लोखंडावर आपटते तेव्हाचा दुसरा. पेलेटचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर, म्हणून दहा मीटर जायला तिला ६० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आपटल्याचा आवाज सेकंदाला ३४३ मीटर या वेगाने परत येतो, त्याला आणखी २९. म्हणजे पहिल्या आवाजानंतर जवळजवळ ९० मिलिसेकंदांनी दुसरा येतो, आणि भोळा टायमर एका शॉटचे दोन मोजतो. उपाय सोपा आहे. एकदा शॉट मोजला की पुढे काही काळ कान बंद ठेवायचा. पिस्तुलाच्या टायमरमध्ये हा काळ फार बेताचा ठेवावा लागतो, कारण पुढचा बार पाव सेकंदात येऊ शकतो. आपल्याकडे दोन सेकंद कान बंद ठेवला तरी काही बिघडत नाही. एअर रायफल एका वेळी एकच पेलेट घेते.

घरात हे छान चाललं. रेंजवर नेलं आणि पहिल्या दहा मिनिटांत ४१ शॉट मोजले गेले. मुलीने मारले होते आठ.

कारण समजण्यासारखं आहे. रेंजवर दोन नेमबाजांमधलं अंतर जेमतेम एक-सव्वा मीटर असतं. आवाज दुप्पट अंतरावर गेला की त्याचा जोर निम्मा होतो. मायक्रोफोन आपल्या नळीपासून पाव मीटरवर ठेवला आणि शेजाऱ्याची नळी एक मीटरवर असली, तर शेजाऱ्याचा आवाज पाव पट जोराने येणार. उघड्या मैदानावर पाव पट म्हणजे चांगला फरक, मधोमध पातळी लावून भागलं असतं. पण बंद हॉलमध्ये भिंती, छत आणि फरशी आवाज परत फेकतात, आणि प्रत्येकाच्या रायफलचा आवाज सारखा नसतो. पातळी वर नेली तर आपलेच शॉट निसटतात, खाली आणली तर शेजारी आत शिरतो. आठवडाभर पातळीशी झटापट केल्यावर मी मायक्रोफोन काढला. जे हवेतून ऐकलं जातं ते सगळ्यांचं असतं. फक्त आपल्या रायफलचं ऐकायचं, तर रायफललाच कान लावायला हवा.

तो कान म्हणजे पिझोची चकती. गाणं वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रात किंवा स्वस्त अलार्मच्या घड्याळात पांढऱ्या सिरॅमिकचा थर असलेली जी पातळ पितळी चकती असते, तीच. तिला वीज दिली की ती वाकते आणि आवाज करते. उलटही घडतं: तिला वाकवलं किंवा हादरवलं की ती वीज देते. रायफलच्या धातूच्या कुंद्यावर पुढच्या बाजूला ती घट्ट बसवली की रायफलच्या अंगातला प्रत्येक धक्का तिला कळतो, आणि शेजाऱ्याचा शॉट हवेतून येऊन तिला जवळजवळ हलवतच नाही. वजन अगदी थोडं, तरी काही ग्रॅम भरतंच. एअर रायफलची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे, आणि नेमबाजाला तोल बदललेला ग्रॅमातही जाणवतो. म्हणून चकती तोलबिंदूजवळ लावावी. फोमची जाड टेप वापरू नये, फोम धक्का गिळून टाकतो. पातळ दोन्हीकडून चिकटणारी टेप आणि वरून रबरबँड पुरेसं आहे. रायफलला भोक पाडायचा विचारही करू नये.

वायर जोडताना दोन काळज्या घ्याव्यात. सिरॅमिकच्या थरावर सोल्डरिंग आयर्न सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर वरचा चांदीचा मुलामा उचलला जातो आणि चकती वाया जाते. माझ्या दोन गेल्या. आणि वायर शिल्डेड घ्यावी, जुन्या हेडफोनची असते तशी. पिझो हा फार नाजूक स्रोत आहे. साध्या वायरी जोडल्या तर त्या अँटेनासारख्या वागतात आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण टायमरला ऐकवतात.

सर्किट मात्र छोटंसं आहे. चकतीच्या दोन टोकांत १ मेगाओमचा रेझिस्टर लावायचा, म्हणजे साठलेला विजेचा भार हळूहळू निघून जातो. तिथून १० किलोओमचा रेझिस्टर घेऊन नॅनोच्या अॅनालॉग पिनकडे जायचं, आणि त्या पिनवरून ग्राउंडकडे ५.१ व्होल्टचा झेनर डायोड लावायचा. हा झेनर विसरायचा नाही. जोराचा ठोका बसला तर एवढीशी चकती दहा-वीस व्होल्ट सहज देते, आणि नॅनोच्या पिनला पाचाच्या फारसं वर चालत नाही. दहा किलोओमचा रेझिस्टर प्रवाह आवरतो, झेनर व्होल्टेज आवरतो. उलट्या दिशेचा झटका आला तरी हाच डायोड तो अर्ध्या-पाऊण व्होल्टवर अडवतो.

आता पातळी. प्रोग्रामने पिझोचा पहिला आकडा वर आला की लगेच निर्णय घेऊ नये. धक्का लाटेसारखा वर-खाली होतो, आणि पहिला नमुना लाटेच्या पायथ्याशीही पडू शकतो. वर काही दिसलं की पुढचे पाच मिलिसेकंद मोजत राहायचं आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. मी एक संध्याकाळ नुसते आकडे लिहून काढले: गाल टेकवला की किती, श्वास सोडताना किती, ड्राय फायर केलं, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबला, की किती, खरा शॉट सुटला की किती. तुमच्या रायफलवर आकडे वेगळे येतील, म्हणून माझे देत नाही. पण हा तक्ता केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ड्राय फायरचा ठोका खऱ्या शॉटपेक्षा हलका पण गाल टेकवण्यापेक्षा बराच मोठा येतो, म्हणजे पिझोवर घरातली पेलेटविना सरावाची वेळही मोजता येते. मायक्रोफोनवर मला ते जमलं नव्हतं. (घरी ड्राय प्रॅक्टिस करताना आमच्याकडे पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत, कपाटात असते, आणि रायफल रिकामी असल्याचं दोघंही बघतो. यात सूट नाही.)

तक्ता करताना नवी अडचण दिसली. पेलेट भरून लोडिंग लिव्हर बंद करताना जो खटका बसतो, त्याचा आकडा खऱ्या शॉटच्या अगदी शेजारी येत होता. तो खटकाही रायफलच्या अंगातलाच. पिझोने तो ऐकणं बरोबरच होतं. नुसत्या जोरावरून शॉट आणि लोडिंग वेगळं करता येईना.

मग मी मुलीला नुसतं बघत बसलो. ती शॉट मारते, रायफल स्टँडवर टेकवते, लिव्हर उघडते, पेलेट ठेवते, लिव्हर बंद करते, श्वास घेते, रायफल उचलते. लोडिंग नेहमी स्टँडवर होतं, शॉट नेहमी हातात. रायफल स्टँडवर आहे की हातात, एवढं डब्याला कळलं की प्रश्न मिटला. स्टँडच्या वरच्या खाचेत, फेल्टच्या तुकड्याखाली, पत्तीवाला मायक्रो-स्विच बसवला. रायफल टेकली की पत्ती दबते. स्विच दबलेला असताना पिझोकडून काहीही आलं तरी डबा दुर्लक्ष करतो. स्विचची एक खोड सगळ्यांना माहीत असावी: त्याचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि एकदा दाबलं तर वेगवान चिपला ते पाच-सहा वेळा दाबल्यासारखं दिसतं. म्हणून अवस्था बदलल्यावर ३० मिलिसेकंद थांबून पुन्हा बघायचं, आणि तेव्हाही तीच असेल तरच मानायची.

एक फट अजून उरली होती. रायफल स्टँडवर टेकते त्या क्षणाचा धक्का पिझोला आधी पोचतो आणि स्विच काही मिलिसेकंदांनी दबतो. डब्याच्या दृष्टीने तो धक्का हातात असताना आलेला, म्हणून शॉट. यावर मी असं केलं: धक्का आला की वेळ लगेच लिहून घ्यायची, पण शॉट म्हणून पक्कं करायला एक सेकंद थांबायचं. त्या सेकंदात स्विच दबला तर तो धक्का टेकवण्याचा होता, नोंद खोडायची. नाही दबला तर शॉट पक्का, वेळ मात्र मूळ धक्क्याची.

या एका सेकंदाने न मागितलेला धडा दिला. पहिल्या दिवशी ६० शॉटांपैकी डब्याने ५७ मोजले. मी घरी येऊन सगळे सोल्डरचे टाके पुन्हा तापवले, वायर बदलली. दुसऱ्या दिवशी ५८. सरांनी डबा कसा चालतो ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डबा बरोबर आहे. तिचे दोन-तीन शॉट फॉलो-थ्रूविना जाताहेत." शॉट सुटल्यावरही रायफल तशीच धरून, साईटमधून बघत राहायचं असतं, कारण ट्रिगर दाबल्यापासून पेलेट नळीबाहेर पडेपर्यंत रायफल हलली तर ते टार्गेटवर दिसतं. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तिथे थोडीशी हालचालही झाकत नाही. घाईने खाली आणलेली रायफल सेकंदाच्या आत स्टँडवर पोचत होती, आणि डबा त्या शॉटला शॉट मानत नव्हता. तो एक सेकंद मी आजही तसाच ठेवला आहे.

प्रोग्राममधल्या तीन गोष्टी इथे सांगतो, कारण त्या न कळल्यामुळे माझे आठवडे गेले.

पहिली घड्याळाची. आर्डुइनोत वेळ विचारायची दोन फंक्शनं आहेत: मायक्रोज आणि मिलिज. पहिलं मायक्रोसेकंदांत सांगतं म्हणून ते जास्त चांगलं, असं वाटतं. पण दोन्हींचा आकडा ३२ बिटांत मावतो, आणि भरला की शून्यावर येतो. मायक्रोसेकंद मोजले तर तो ७१ मिनिटं ३५ सेकंदांत भरतो. आपली स्पर्धा ७५ मिनिटांची! म्हणजे नेमक्या शेवटच्या साडेतीन मिनिटांत घड्याळ शून्यावरून पुन्हा सुरू. मिलिज भरायला सुमारे ४९.७ दिवस लागतात, आणि एक हजारांश सेकंदाची अचूकता या कामाला हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. मिलिजच वापरा.

दुसरी पडद्याची. ओएलईडीवर सगळा पडदा पुन्हा रंगवायचा तर १०२४ बाइट पाठवावे लागतात, आणि साध्या वेगाने त्याला सुमारे एक दशांश सेकंद जातो. तेवढा वेळ चिप पडद्याशी बोलत असते, पिझोकडे तिचं लक्ष नसतं. शॉटचा धक्का काही मिलिसेकंदांत संपतो. मी हौसेने पडद्यावर पळते सेकंद दाखवत होतो आणि अधूनमधून शॉट गायब होत होते. आता रायफल हातात असताना पडद्याला हात लावत नाही. रायफल स्टँडवर टेकली की मगच पडदा बदलतो. बझरसाठीही तोच नियम: 'थांब' सांगणारी डिले आज्ञा कुठेच वापरायची नाही, कारण डबा थांबला की बहिरा होतो.

तिसरी अचूकतेची. काही बोर्डांवर ठोके देणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो, काहींवर स्वस्त सिरॅमिक रेझोनेटर, आणि रेझोनेटरची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. दोन शॉटांमधल्या मिनिटभरात ती जाणवत नाही. ७५ मिनिटांत ती साडेबावीस सेकंद होते. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि डबा एकदम सुरू करा, ७५ मिनिटांनी दोन्ही बघा, आणि जो फरक येईल त्याच्या प्रमाणात प्रोग्राममध्ये दुरुस्ती घाला.

वीजपुरवठ्याबद्दल थोडक्यात. मोबाइलची पॉवर बँक जोडू नका. हा डबा इतकी कमी वीज घेतो, की बऱ्याच पॉवर बँकांना काहीच जोडलेलं नाही असं वाटतं आणि त्या स्वतःहून बंद होतात. रिचार्ज होणारे चार पेन्सिल सेल पुरतात.

नोंदी चिपच्या ईईप्रॉममध्ये जातात; वीज गेली तरी तिथलं लिहिलेलं राहतं. जागा १०२४ बाइट. प्रत्येक शॉटचे दोन आकडे, दशांश सेकंदात, प्रत्येकी दोन बाइट. ६० शॉटना २४० बाइट, म्हणजे चार पूर्ण सराव मावतात.

दोन आकडे का, हे सांगायचं राहिलं. स्टँडवरचा स्विच मी लोडिंगचा खटका टाळण्यासाठी बसवला होता. पण तो आल्यावर डब्याला एक नवी गोष्ट कळायला लागली: रायफल उचलली कधी. आता एका शॉटचा वेळ दोन भागांत दिसू लागला. एक, स्टँडवर गेलेला; दुसरा, उचलल्यापासून सुटेपर्यंतचा. आणि तिसरीही एक नोंद आपोआप मिळाली, जी मायक्रोफोनवर चालणारा कुठलाच टायमर देऊ शकत नाही: रायफल उचलली, धरली, आणि शॉट न मारता परत ठेवली. आवाज न झालेली घटना आवाज ऐकणाऱ्या यंत्राला दिसत नाही.

पहिला पूर्ण सराव या पद्धतीने नोंदला आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटचे गुण शेजारी ठेवून रात्री वहीत तक्ता केला. उचलल्यापासून १४ ते २० सेकंदांत सुटलेले शॉट बहुतेक सगळे दहाच्या घरात होते. तीस सेकंदांच्या पुढे धरून मारलेले नऊ, त्यांतले सात नऊच्या घरात. परत ठेवल्याच्या नोंदी फक्त दोन. सरांनी त्या नऊ ओळींवर पेन्सिलने खुणा केल्या. "हे शॉट मारायचे नव्हते. परत ठेवायचे होते."

यात शरीराचं कारण आहे. रायफल धरून स्थिर झाल्यावर काही सेकंद ती सर्वांत कमी हलते. श्वास रोखलेला असतो, डोळा एकाच जागी खिळलेला असतो. तो काळ निघून गेला की स्नायू थकतात, नजर मंदावते, आणि तरीही 'एवढं धरलंय तर मारून टाकू' असा हट्ट वाढत जातो. प्रत्येक नेमबाजाला हे शिकवलेलं असतं. माझ्या मुलीलाही होतं. मग ती परत का ठेवत नव्हती? विचारलं, तर म्हणाली, "बाबा, परत ठेवलं की वेळ जातो ना."

पहिल्या स्पर्धेत तिचा वेळ संपत आला होता, म्हणून ती भीती बसली होती. पण तक्त्यात वेळ कुठे गेला तेही दिसत होतं. प्रत्येक नऊच्या शॉटनंतर रायफल स्टँडवर नव्वद, शंभर, एकदा तर १३० सेकंद पडून होती. वेळ हातात गेलेला नव्हता, स्टँडवर गेला होता. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. स्टँडवर चाळीस सेकंद, उचलल्यापासून सुटेपर्यंत आणि फॉलो-थ्रू मिळून वीस. एका शॉटला एक मिनिट. साठ शॉट, साठ मिनिटं. पंधरा मिनिटं शिल्लक, म्हणजे ९०० सेकंद. एकदा रायफल परत ठेवून श्वास घेऊन पुन्हा उचलायला तिला सुमारे ३५ सेकंद लागत होते. ९०० भागिले ३५. पंचवीस वेळा परत ठेवली तरी वेळ पुरतो. हा आकडा तिने वहीच्या पानावर मोठा करून लिहिला. मी इतकी वर्षं कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळली, पण एका भागाकाराने कुणाच्या खांद्यावरचा ताण उतरलेला पाहिला तो तेव्हाच.

बझरचं काम याच्यापुढे सोपं वाटेल, पण फायनलच्या सरावाला त्याचा मोठा उपयोग आहे. फायनलमध्ये 'लोड' अशी आज्ञा होते, पाच सेकंदांनी 'स्टार्ट', आणि मग ५० सेकंद. डब्याचं दुसरं बटण दाबलं की एक आखूड बीप, पाच सेकंदांनी लांब, आणि पन्नासाव्या सेकंदाला शेवटची. मधे काही वाजत नाही. चाळिसाव्या सेकंदाला इशारा द्यावा असं मला वाटलं होतं. सरांनी नको म्हटलं, कारण खऱ्या फायनलमध्ये तो मिळत नाही आणि त्याची सवय लागली तर नुकसानच.

५० मीटरच्या .२२ रायफलवाल्यांसाठी एक बदल करावा लागतो. प्रोनमध्ये रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट मागे-पुढे करतात, तिथे स्टँडच्या स्विचची युक्ती चालत नाही. तिथे मायक्रोफोन पुन्हा जोडावा, पिझोबरोबर. बोल्टचा खटका पिझोला कळतो, पण मायक्रोफोनला फारसा ऐकू येत नाही. शेजाऱ्याचा बार मायक्रोफोनला ऐकू येतो, पण पिझोला नाही. दोघांनीही पाच मिलिसेकंदांच्या आत 'हो' म्हटलं तरच तो आपला शॉट. एका मित्राच्या मुलासाठी असा डबा केला आहे, आणि तो चुकीचे शॉट मोजत नाही. मात्र त्यात उचलल्याची आणि परत ठेवल्याची नोंद मिळत नाही. प्रोनमध्ये ती कशी घ्यावी याचा विचार चालू आहे. डाव्या कोपराखाली दाब ओळखणारी पट्टी ठेवून बघायची आहे.

हा डबा सरावापुरताच. स्पर्धेत तो, त्याची वायर आणि चकती काहीच नेत नाही.

सरावातही त्याची जागा बदलली आहे. सुरुवातीला पडदा तिच्या समोर स्टँडशेजारी असायचा, आणि प्रत्येक शॉटनंतर तिची नजर आधी आकड्याकडे जायची, टार्गेटकडे नंतर. एके दिवशी तिने स्वतःच डबा उचलला, मागे आणला आणि माझ्या खुर्चीखाली ठेवला. म्हणाली, "तुम्ही बघा. मला साठ झाल्यावर सांगा." तेव्हापासून वायर दीड मीटर लांब केली आहे. तिचं वेटोळं स्टँडच्या पायाला बांधतो, म्हणजे तिचं वजन रायफलला ओढत नाही. काल परत ठेवल्याच्या अकरा नोंदी होत्या, आणि ६८ मिनिटं झाली होती.